मेंढपाळ आणि देवाचा पुत्र: राजाच्या दोन पदव्या एका सुताराकडे कशा आल्या?

आज सुरुवात एका नाण्यापासून करूया. चांदीचं नाणं आहे, आपल्या रुपयाहून किंचित लहान. एका बाजूला माणसाचा चेहरा, डोक्यावर पानांचा मुकुट, आणि कडेने लॅटिन अक्षरं. त्या अक्षरांचा अर्थ साधारण असा की हा तिबेरियस सीझर, दिव्य ऑगस्टसचा पुत्र. तिबेरियसने इसवी सन १४ ते ३७ राज्य केलं. येशू गालीलात फिरत होता तेव्हा रोमन साम्राज्यात हा दिनार चालत होता.

याच तिबेरियसचा एक किस्सा सुएटोनियस नावाचा रोमन चरित्रकार सांगतो. काही सुभेदारांनी सल्ला दिला की प्रांतांवरचा कर वाढवा. तिबेरियसने त्यांना कळवलं की चांगल्या मेंढपाळाने मेंढ्यांची लोकर कातरावी, त्यांची कातडी सोलू नये.

आता गंमत बघा. एकच माणूस नाण्यावर देवाचा मुलगा आहे आणि बोलताना स्वतःला चांगला मेंढपाळ म्हणवतोय. आणि त्याच्याच कारकिर्दीत, त्याच्याच एका अधिकाऱ्याने, पंतय पिलाताने, ज्या सुताराला क्रूसावर चढवलं, त्या सुताराला त्याचे अनुयायी पुढे याच दोन नावांनी ओळखायला लागले. देवाचा पुत्र आणि उत्तम मेंढपाळ.

मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा वाटलं, योगायोग असेल. पण नाही, हा योगायोग नाहीये. योहानाने तिबेरियसचा किस्सा ऐकला होता असंही मी म्हणत नाही. दोघांच्याही मागे राजांची एक फार जुनी भाषा होती, आणि आजचा एपिसोड त्या भाषेबद्दल आहे. (येशू खरंच देवाचा पुत्र होता का, हा प्रश्न इथे घेणार नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. आपण शब्दांचा प्रवास बघतोय.)

तर मागे जाऊया. बरंच मागे.

पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये दोन मीटरपेक्षा उंच असा एक काळा दगड आहे. त्यावर बाबेलचा राजा हम्मुराबी याचे कायदे कोरलेत. काळ साधारण इसवी सन पूर्व १७५०. शाळेच्या पुस्तकात आपण 'डोळ्याच्या बदल्यात डोळा' एवढंच वाचतो. पण कायदे सुरू होण्याआधी राजा स्वतःची लांबलचक ओळख करून देतो, आणि त्यात स्वतःला मेंढपाळ म्हणतो. देवाने नेमलेला मेंढपाळ. ही काही नम्रता नव्हती. प्रजा म्हणजे कळप, राजा म्हणजे राखणारा आणि मालक वर बसलेला देव, अशी ती सगळी रचना होती.

इजिप्तमध्ये तर दोन्ही पदव्या एकाच अंगावर दिसतात. तुतानखामूनची ती सोन्याची शवपेटी आठवा, छातीवर हात दुमडलेले. एका हातात वाकड्या टोकाची काठी आहे ना, ती मेंढपाळाची. त्यांच्या चित्रलिपीत तीच काठी 'राज्य करणे' या अर्थाने काढतात. आणि फारोच्या अधिकृत नावांपैकी एक नाव 'रा या सूर्यदेवाचा पुत्र' या पदवीसह लिहिलं जायचं. काठीही त्याची आणि बापही देव.

म्हणजे त्या काळच्या माणसाला 'मेंढपाळ' म्हटल्यावर डोळ्यासमोर हिरवं कुरण आणि गोंडस कोकरू येत नव्हतं. सरकार येत होतं.

या दोन महासत्तांच्या मधोमध डोंगराळ भागात एक छोटं राज्य, इस्राएल. त्यांचा सगळ्यात लाडका राजा दावीद, आणि त्याच्या बाबतीत मेंढपाळ ही नुसती उपमा नाही. बायबलच्या कथेप्रमाणे तो बेथलेहेमचा, घरातला सगळ्यात धाकटा, खरोखर मेंढरं राखणारा पोरगा. पुढे तो राजा होतो तेव्हा लोक त्याला म्हणतात की आता देवाचे लोक राखायचं काम तुझं.

आणि पुत्र? शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात सातव्या अध्यायात नाथान नावाचा संदेष्टा दावीदाला निरोप देतो. दावीदाच्या वंशात जो गादीवर येईल त्याचा देव बाप होईल आणि तो देवाचा मुलगा होईल. पुढे लगेच अट अशी की तो चुकला तर बाप त्याला काठीने शिक्षा करील. स्तोत्रसंहितेतल्या दुसऱ्या स्तोत्रातही देव राजाला मुलगा म्हणतो, आणि तेही आजच जन्माला आलेला मुलगा. बरेच अभ्यासक ते राज्याभिषेकाच्या वेळचं गीत मानतात. म्हणजे राजा मोठा बाप्या आहे, दाढीमिशा आहेत, आणि गादीवर बसतो त्या दिवशी देव त्याला मुलगा म्हणून पदरात घेतो. दत्तकविधीच म्हणा ना. इथे पुत्र हा शब्द रक्ताबद्दल काही सांगत नाही, पदाबद्दल सांगतो. शिवाय निर्गम या पुस्तकात अख्ख्या इस्राएल लोकांनाच देवाचा ज्येष्ठ पुत्र म्हटलंय. शब्द बऱ्यापैकी सैल होता, हे लक्षात ठेवा. पुढे याच शब्दावरून दगड उचलले जाणार आहेत.

आता कथेतलं माझं सगळ्यात आवडतं पात्र, यहेज्केल.

इसवी सन पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेममधून हजारो लोक उचलून नेले. राजा, कारागीर, पुरोहित. त्यात हा यहेज्केल होता. साधारण दहा वर्षांनी शहरही पडलं, मंदिर जळलं, दावीदाच्या वंशाची गादी संपली. यहेज्केल तेव्हा बाबेलात खबार नावाच्या कालव्याजवळ इतर कैद्यांसोबत राहत होता. म्हणजे हम्मुराबीच्याच मुलुखात, जिथे राजे हजार वर्षांहून जास्त काळ स्वतःला मेंढपाळ म्हणवत होते.

त्याच्या पुस्तकातला चौतिसावा अध्याय वेळ मिळाला तर जरूर वाचा. ते जवळपास आरोपपत्र आहे. आरोपी कोण? इस्राएलचे मेंढपाळ, म्हणजे सगळे राज्यकर्ते. आरोप काय? तुम्ही मेंढरांची चरबी खाता, त्यांची लोकर पांघरता, धष्टपुष्ट मेंढरं कापता, पण कळपाला चारत नाही. दुबळ्याला बळ दिलं नाहीत, आजाऱ्याला बरं केलं नाहीत, जखम बांधली नाहीत, हरवलेल्याला शोधलं नाहीत. म्हणून कळप पांगला.

लोकर पांघरण्यावर जरा थांबूया. तिबेरियसच्या हिशोबात लोकर कातरणं म्हणजे चांगुलपणा, फक्त कातडी सोलायची नाही. सहाशे वर्षं आधीच्या यहेज्केलने मात्र लोकर घेणंसुद्धा आरोपांच्या यादीत घातलंय, कारण बदल्यात मेंढराला काहीच मिळालेलं नाही. कळप कोणासाठी आहे, हा त्याचा प्रश्न. आणि तो फक्त राजांनाच झोडपतो असंही नाही. त्याच अध्यायात जाड मेंढरांनाही ऐकवलंय. तुम्ही स्वच्छ पाणी पिता आणि उरलेलं पाय घालून गढूळ करता, दुबळ्यांना खांद्याने ढकलता. लोकलच्या दारात उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

मग यावर उपाय काय? इथे एक अडचण येते. देव म्हणतो, आता मी स्वतःच माझी मेंढरं शोधीन आणि चारीन. मधले सगळे बाद. आणि काही ओळींनंतर तोच देव म्हणतो की मी त्यांच्यावर एकच मेंढपाळ नेमीन, माझा सेवक दावीद. दावीद तर मरून जवळपास चारशे वर्षं झालेली, त्यामुळे अर्थ घ्यायचा तो दावीदासारखा कोणीतरी. पण मग मेंढपाळ नक्की कोण, देव की दावीदवंशीय माणूस? एकच जागा आहे आणि नावं दोन भरलीत. आमच्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशनमध्ये घोळ आहे. यहेज्केल तो सोडवत नाही. तसाच ठेवून पुढे जातो.

हा घोळ सहाशे वर्षांहून जास्त काळ तसाच पडून राहिला. आणि मग योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय येतो.

योहानाचं शुभवर्तमान चारही शुभवर्तमानांत सगळ्यात उशिराचं, बहुतेक अभ्यासकांच्या मते पहिल्या शतकाच्या अखेरीचं. नवव्या अध्यायात येशू एका जन्मांध माणसाला बरं करतो, आणि धर्मपुढारी त्या बऱ्या झालेल्या माणसालाच हाकलून देतात. म्हणजे यहेज्केलच्या यादीतला गुन्हा आधी आपल्यासमोर घडतो, आणि मग लगेच मेंढपाळाचं बोलणं सुरू होतं. मेंढवाड्याचं दार, भिंतीवरून चढून येणारे चोर, आवाज ओळखून मागे येणारी मेंढरं. लांडगा दिसला की पळणारा पगारी नोकर. आणि मी उत्तम मेंढपाळ आहे, हा दावा. मूळ ग्रीकमध्ये इथे 'कालोस' हा शब्द आहे. चांगला, पण त्यात सुंदर आणि उमदा हाही अर्थ येतो. आपल्या मराठी बायबलातला 'उत्तम' बरा बसतो.

इथपर्यंत ऐकणाऱ्या ज्यू माणसाला सगळं ओळखीचं. हा यहेज्केलचीच भाषा बोलतोय. नवीन गोष्ट पुढे येते. हा मेंढपाळ म्हणतो की मी मेंढरांसाठी माझा जीव देतो.

हम्मुराबीच्या दगडावर हे नाही. फारोच्या काठीत हे नाही. यहेज्केलमध्येही नाही. दावीद कोकरू सोडवायला सिंह आणि अस्वलाशी लढला अशी गोष्ट आहे, पण तो जिंकला म्हणून ती गोष्ट आहे. आणि व्यवहाराने बघितलं तर मेलेला मेंढपाळ कळपाच्या काय कामाचा? लांडगा मग निवांत जेवेल. योहानालाही हे दिसत असणार, कारण लगेच पुढे येतं की हा जीव तो परत घेण्यासाठी देतोय, आणि तसा अधिकार त्याला पित्याकडून मिळालाय. म्हणजे मेंढपाळाचा दावा टिकवायचा तर पुत्राचा दावा करावाच लागतो. देवाशी तसं नातं नसेल तर तो नुसताच मेलेला मेंढपाळ. या अध्यायात दोन पदव्या शेजारी शेजारी ठेवलेल्या नाहीत, एक दुसरीवर उभी आहे.

मग दृश्य बदलतं. हिवाळा आहे, येशू यरुशलेमच्या मंदिरात शलमोनाच्या देवडीत फिरतोय आणि सण चालू आहे. तारीख सांगायची म्हणून सांगितलीय असं वाटतं. पण सण कोणता ते बघा. पुनःसमर्पणाचा, म्हणजे आज ज्याला हनुक्का म्हणतात तो. इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकात अंतिओखस चौथा या ग्रीक वंशाच्या राजाने हे मंदिर विटाळलं होतं. ज्यूंनी बंड केलं, आणि इसवी सन पूर्व १६४ मध्ये मंदिर शुद्ध केलं. त्याची ही आठवण. आणि हा अंतिओखस आपल्या नाण्यांवर स्वतःला काय म्हणवायचा? थेओस एपिफानेस. प्रकट झालेला देव.

माणूस असून देव म्हणवणाऱ्या राजाला हाकलल्याचा सण चाललाय, तेच मंदिर आहे, आणि तिथे एक माणूस म्हणतो की मी आणि पिता एक आहोत. लोक दगड उचलतात. आपण कथा येशूच्या बाजूने वाचतो तेव्हा हे लोक खलनायक वाटतात. मला तसं वाटत नाही. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी याच गोष्टीसाठी रक्त सांडलं होतं. आणि लक्षात घ्या, येशू ज्यू आहे, दगड उचलणारेही ज्यू आहेत, भांडण घरातलं आहे. नंतरच्या शतकांत युरोपातल्या ख्रिस्ती लोकांनी योहानाचं पुस्तक ज्यूंच्या द्वेषासाठी वापरलं, तेव्हा ही साधी गोष्ट सोयीस्करपणे विसरली गेली.

येशूचं उत्तर तर वकिलाचं आहे. तो ब्याऐंशीव्या स्तोत्राचा दाखला देतो. म्हणतो, तुमच्याच शास्त्रात काही जणांना देव म्हटलंय ना, मग मी देवाचा पुत्र म्हटलं तर दुर्भाषण कसं? ऐकायला पळवाट वाटते. पण ते स्तोत्र काढून वाचलं तर कळतं की ज्यांना 'देव' म्हटलंय, त्यांच्यावरच तिथे खटला चाललाय. दुबळ्याला, अनाथाला न्याय दिला नाहीत म्हणून तुम्ही माणसांसारखे मराल, असा निकाल लागतो. म्हणजे पुन्हा यहेज्केलचंच आरोपपत्र. माझं वाचन असं की येशू इथे पुत्र या शब्दाची किंमत कमी करत नाहीये. तो शब्द कामावरून तपासा म्हणतोय. पुढचं वाक्यही तेच आहे, माझ्यावर विश्वास नसेल तर माझ्या कामांवर ठेवा.

मध्येच एक छोटी गोष्ट. नाताळात रील्स फिरतात की पहिल्या शतकात मेंढपाळ म्हणजे समाजातले सगळ्यात तुच्छ लोक, म्हणून देवदूत आधी त्यांच्याकडे गेले. याला आधार म्हणून जे ज्यू ग्रंथ दाखवतात ते बरेच नंतरचे आहेत. मिश्ना साधारण इसवी सन २०० च्या आसपासची. लूकची गोष्ट बेथलेहेमजवळ घडते, दावीदाच्या गावात. तिथल्या मेंढपाळांना बघून वाचकाला आधी दावीदच आठवणार.

असो. पुढचं भांडण 'एक' या शब्दावरून. मी आणि पिता एक आहोत, यात ग्रीकमध्ये 'एक' नपुंसकलिंगी आहे. पुल्लिंगी असता तर 'आम्ही एकच व्यक्ती' असा अर्थ झाला असता. नपुंसकलिंगी म्हणजे 'एक वस्तू, एक गोष्ट'. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला तेर्तुलियन नावाच्या उत्तर आफ्रिकेतल्या लेखकाने एवढ्याशा प्रत्ययावर मोठा युक्तिवाद उभा केला, की पिता आणि पुत्र दोन आहेत, पण एकच काहीतरी आहेत. मराठीला ग्रीकसारखीच तीन लिंगं आहेत, पण आपला 'एक' हट्टी. एक मुलगा, एक मुलगी, एक मूल. बदलतच नाही. त्यामुळे मराठीत वाचणाऱ्याला हे भांडण दिसतच नाही.

ते 'काहीतरी' म्हणजे काय, यावर चौथ्या शतकात साम्राज्य हादरलं. अलेक्झांड्रियाचा आरियस म्हणायचा, पुत्र म्हणजे पित्याने निर्माण केलेला, म्हणून पित्याच्या खालचा. इसवी सन ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने आजच्या तुर्कस्तानात, निकेया इथे बिशपांची परिषद भरवली आणि तिने ठरवलं की नाही, पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा. त्यासाठी शब्द घेतला 'होमोऊसिओस', जो बायबलात कुठेच नाही. मेंढपाळ हा शब्द मात्र त्या श्रद्धापत्रात औषधालाही नाही. पुत्राची व्याख्या झाली, आणि त्याच्या हातातली काठी बाहेर राहिली. आणि ही परिषद भरवणाऱ्या कॉन्स्टंटाइनच्या स्वतःच्या वडिलांना, मेल्यावर, जुन्या रोमन रिवाजाने देव घोषित केलं होतं. म्हणजे तिबेरियसच्या नाण्याच्या हिशोबाने तोही दिव्य बापाचा पुत्रच.

हा बदल चित्रांत तर स्पष्ट दिसतो. सीरियात फरात नदीकाठी दूरा-युरोपोस नावाचं गाव होतं. तिथे ख्रिस्ती लोक एका साध्या घरात जमायचे. इसवी सन २५६ च्या सुमारास हल्ल्यात गाव पडलं आणि ढिगाऱ्याखाली ते घर टिकलं. १९३० च्या दशकात ते उकरलं तेव्हा बाप्तिस्म्याच्या हौदावरच्या भिंतीवर मेंढपाळ निघाला. खांद्यावर मेंढरू घेतलेला साधा माणूस. रोममधल्या भुयारी दफनभूमींतही तोच, दाढी नसलेला, आखूड अंगरखा घातलेला पोरगा. असे मेंढपाळ ग्रीक आणि रोमन लोक आधीपासून काढायचेच. त्यामुळे बाहेरच्याला चित्र दिसायचं आणि आतल्याला अर्थ.

आता इटलीतल्या रावेन्नाला चला. पाचव्या शतकातली गाला प्लासिदियाची समाधी, तिच्या दारावरच्या भिंतीवर मोझेक. मेंढपाळ तोच, मेंढरं आहेत, एकीच्या हनुवटीला तो हातही लावतोय. पण अंगरखा सोन्याचा, वस्त्र जांभळं, म्हणजे सम्राटाचा रंग, डोक्यामागे तेजोवलय, आणि काठीच्या जागी सोनेरी क्रूस. दोनशे वर्षांत मेंढपाळ परत राजा झाला. त्यानंतर चर्चच्या घुमटांत सिंहासनावरचा, दाढीवाला, जगाचा स्वामी असलेला ख्रिस्त येत गेला आणि मेंढरंवाला मागे पडला.

काठी गेली बिशपांकडे. आजही बिशपच्या हातात ती वाकड्या टोकाची काठी असते. आणि काठीसोबत यहेज्केलचं आरोपपत्रही त्यांच्याच नावावर लागलं. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्याच चौतिसाव्या अध्यायावर लांबलचक प्रवचन दिलंय, आणि त्यात दूध आणि लोकर घेऊन कळप न चारणारे मेंढपाळ कोण, हा प्रश्न थेट बिशपांना विचारलाय. स्वतः बिशप असून.

मराठीत हे दोन शब्द कसे वाटले गेले ते मला हा एपिसोड लिहिताना सुचलं. 'पास्टर' म्हणजे लॅटिनमध्ये मेंढपाळ. आपल्याकडे प्रॉटेस्टंट मंडळीत धर्मगुरूला 'पाळक' म्हणतात. तिकडे वसईत किंवा गोव्यात कॅथलिक माणूस 'फादर' म्हणतो. एका घरात मेंढपाळ गेला, दुसऱ्या घरात बाप.

गोव्यावरून शेवटची गोष्ट. सतराव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात स्थानिक कारागीर हस्तिदंताच्या छोट्या मूर्ती कोरायचे. दात बहुतेक पूर्व आफ्रिकेतून यायचे, कारागिरांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अशा मूर्ती आहेत, फोटो ऑनलाइन सापडतील. खडकांचा उभा डोंगर, कप्प्याकप्प्यांत मेंढरं, मधे पाण्याचा झरा, आणि शिखरावर मेंढपाळ. पण हा मेंढपाळ लहान मूल आहे. खांद्यावर कोकरू, मांडीवर कोकरू, गाल उजव्या हातावर टेकवलेला, आणि डोळे मिटलेले. काही मूर्तींत त्याच्या वर पित्याची आकृतीही असते. त्या मिटल्या डोळ्यांत कुणाला बुद्ध दिसतो, कुणाला गुराखी कृष्ण, यावर अभ्यासकांत अजून चर्चा चालते. मला दिसतो तो मेंढरांच्या गराड्यात डुलकी लागलेला पोरगा. त्याच्याकडे ना सोन्याचा अंगरखा आहे ना जांभळं वस्त्र.

फोटो शोधलेत तर मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.